‘पोलिसी खाक्या दाखवताच’ दिलेल्या कबुलीचं कोर्टात काय होतं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या खुनात चार महिन्यांपूर्वी त्याला उचललं. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ त्यानेच कडब्याच्या गंजीतून कोयता काढून दिला, असं पोलीस म्हणतात. जेलमध्ये भेटायला गेले तर रडायला लागला. म्हणाला, ‘अक्का, मी काही केलं नाही. मारलं म्हणून हो म्हणालो.’ पण कोर्टात उभा केला तेव्हा ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ या प्रश्नाला त्याने नाही म्हणून सांगितलं. गावात आमच्याशी कोणी बोलत नाही. आता सगळं संपलं का?
– एक बहीण, सातारा जिल्हा (नाव-गाव छापू नये)

उत्तर : ताई, काहीही संपलेलं नाही.

पेपरातलं ते वाक्य मी वकिलीत आल्यापासून वाचते आहे. दर आठवड्याला कुठल्या तरी पानावर ते असतंच, आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पण खाक्या दाखवला म्हणजे नेमकं काय केलं? मारलं, धमकावलं, झोपू दिलं नाही, नाहीतर बायकापोरांना उचलून आणू म्हणाले. हे छापून येतं आणि लगेच खाली कबुलीची बातमी येते, तीही खरी धरून. याची मला आजही चीड येते.

कायदा मात्र तसं धरत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाला दिली असेल तर तीही नाही. समोर मॅजिस्ट्रेट असेल तरच चालते. १८७२च्या पुरावा कायद्यात ही कलमं २५ आणि २६ होती. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात ती कलम २३मध्ये आहेत. तेव्हा पेपरात छापलेल्या त्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य आहे. गावाला हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

अडचण आहे ती कोयत्याची. ताब्यातल्या आरोपीने काही सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या वकिलांच्या तोंडी अजूनही ‘सत्तावीसची रिकव्हरी’ (जुन्या कायद्याचं कलम २७) असते ती हीच. ‘मी कोयता गंजीत लपवलाय, दाखवतो’ एवढं येतं. ‘ज्याने मी म्हातारीला मारलं’ हे येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९४६मध्येच ही रेघ आखून दिली आहे. म्हणून तुमच्या वकिलांचा सगळा जोर त्या पंचनाम्यावर हवा. गंज कुणाची? तिथे येणंजाणं सगळ्यांचं आहे का? पंच गावातले की पोलिसांच्या ओळखीचे, दर दोन खटल्यांआड सही करणारे? कोयत्यावर रक्त होतं का, ते कुणाचं, प्रयोगशाळेचा अहवाल काय म्हणतो? कोयता तर आपल्याकडे घरोघरी असतो.

माझ्या वकिलीच्या चौथ्या वर्षी विधी सहाय्यातून एक खटला माझ्याकडे आला होता. मेंढरं राखणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, आरोप खुनाचा. कागदपत्रांत त्याच्या निवेदनाचा पंचनामा होता. त्यात लिहिलेलं, ‘मी सदर इसमास नमूद ठिकाणी गाठून त्याचेशी किरकोळ कारणावरून वाद घातला व हातातील कुऱ्हाडीने वार केला.’ मी त्याला ते वाचून दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘बाई, इसम म्हंजी कोन?’ त्याच्या नावावर लिहिलेला शब्द त्याला माहीतच नव्हता. उलटतपासणीत पंच म्हणाला, ‘कागद लिहून तयार होता, मी चहाच्या टपरीवर सही केली.’ पोरगा निर्दोष सुटला. पण त्याला दोन वर्षं लागली, आणि तोवर बापाने मेंढरं विकलेली होती.

तेव्हापासून कुठलीही कबुली हातात आली की मी आधी एवढंच बघते की हे बोल कुणाचे आहेत. आणि यात असं काही आहे का जे पोलिसांना आधी ठाऊक नव्हतं, त्याने सांगितल्यावरच कळलं आणि मग खरं ठरलं? तसं काही नसेल, तर त्या कागदावर आरोपीची सही असते आणि गोष्ट तपास करणाऱ्याची असते.

हे फक्त खेड्यातल्या गरिबांच्या बाबतीत होतं असं समजू नका. १९९९च्या मकोका कायद्याने अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली. (तुमच्या भावाला हा कायदा लागलेला नाही, घाबरू नका.) २००६च्या मालेगाव स्फोटात नऊ तरुण पकडले गेले. त्यांच्यातल्या काहींच्या कबुल्या मकोकाखाली नोंदवल्या गेल्या, त्यांनी त्या नाकारल्या. पुढे २०१०च्या डिसेंबरात दुसऱ्या स्फोटांच्या खटल्यांतले आरोपी स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटपुढे वेगळीच कबुली दिली, तीत मालेगावचाही उल्लेख होता. म्हणजे एकाच स्फोटाबद्दल दोन कबुल्या, एक दुसरीला खोटं पाडणारी. असीमानंदांनीही दबावाखाली बोललो म्हणत ती मागे घेतली, आणि अजमेर दर्गा, हैदराबादची मक्का मशीद, समझोता एक्स्प्रेस या तिन्ही स्फोटांच्या खटल्यांत ते सुटले. त्या नऊ जणांवरचे आरोप मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१६मध्ये रद्द केले. बॉम्ब कुणी ठेवला, याचं उत्तर या दोन्हींपैकी एकाही कबुलीतून मिळालं नाही.

११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांचंही बघा. विशेष न्यायालयाने २०१५मध्ये बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाबांतले काही मजकूर एकमेकांशी हुबेहूब जुळतात, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. ते वाचताना मला तो ‘इसम’ आठवला. (राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आहे. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने तीन दिवसांत सांगितलं.) आणि गुरुग्रामच्या शाळेतला २०१७चा खून आठवा. बसच्या कंडक्टरने चक्क टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे गुन्हा कबूल केला होता. सीबीआयने तपास हाती घेतला आणि त्याच्याविरुद्ध काहीच निघालं नाही. २०१८मध्ये तो दोषमुक्त झाला.

आता भावाने ‘तक्रार नाही’ म्हटल्याचं. त्या वेळी ज्यांच्या ताब्यात तो होता ते त्याच्या कोपराशी उभे असतात, आणि पोलीस कोठडी मिळाली तर पुन्हा त्यांच्याच गाडीतून जायचं असतं. कोर्टांना हे समजतं. त्या एका ‘नाही’ने खटला हरत नाही. मात्र आता वेळ घालवू नका. तुरुंग अधीक्षकांमार्फत सत्र न्यायालयाला त्याचा लेखी अर्ज जाऊ द्या. कोठडीत असताना झालेल्या वैद्यकीय तपासणीचे कागद मागवा. डिसेंबर २०२०च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं आहे. तुमचे चारच महिने झालेत, ते जपून ठेवण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

एक मात्र वकिलांना विचाराच : भावाचा मॅजिस्ट्रेटपुढे ‘एकशे चौसष्ट’चा (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३) कबुलीजबाब झाला आहे का? झाला असेल तर तो पुराव्यात येतो आणि मागे घेतला तरी आपोआप पुसला जात नाही. पण आधी मॅजिस्ट्रेटनी त्याला ‘तुझ्यावर बोलायचं बंधन नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ हे समजावून सांगितलेलं असलं पाहिजे, विचार करायला वेळ दिलेला असला पाहिजे. शिवाय मागे घेतलेल्या कबुलीला दुसऱ्या पुराव्याचा आधार असल्याशिवाय सहसा शिक्षा देऊ नये, हे सुप्रीम कोर्टाने प्यारेलाल भार्गव खटल्यात १९६२पासून सांगून ठेवलं आहे.

प्रश्न : रात्री झालेल्या मारामारीत मी शेजाऱ्याच्या मुलाचं नाव पोलिसांना सांगितलं. आता वाटतं, मी फक्त पाठमोरा माणूस पाहिला होता. हवालदार म्हणतात, जबाब फिरवलास तर तूच आत जाशील. मुलाचे काका म्हणतात, स्टॅम्पपेपरवर लिहून दे, तुझा खर्च आम्ही करू. काय करू? – एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, दोघांचंही ऐकू नका. पोलिसांनी घेतलेला जबाब शपथेवर नसतो, त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते. साक्षीत त्यापेक्षा वेगळं सांगितलं एवढ्यावरून कोणी आत जात नाही. शपथेवर मॅजिस्ट्रेटपुढे जबाब दिला असेल तर मात्र आधी वकिलाला भेटा, तिथे खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते.

काकांचा पैसा घेतलात, की तुमची खरी शंकाही विकत घेतलेली दिसेल. २००२च्या गुजरात दंगलीतल्या, बडोद्याच्या बेस्ट बेकरी जळीत खटल्यात साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. सुप्रीम कोर्टाने २००४मध्ये खटला पुन्हा, तोही महाराष्ट्रात चालवायला लावला. वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार मुलीला २००६मध्ये एक वर्षाची कैद झाली. तिची भीती मला कळते. बेकरीत तिच्या घरची माणसं जळाली होती. तुमच्यावर तशी वेळ नाही.

समन्स आलं की साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा आणि हेच सांगा : उजेड किती होता, तुम्ही किती अंतरावर होतात, पाठ दिसली की चेहरा, आणि नाव तुम्हाला तेव्हा कशावरून सुचलं. पिंजऱ्यातही तेवढंच सांगा. ‘चेहरा पाहिला नाही’ म्हणालात तर फितूर ठरवून उलटतपासणी घेतील, तासभर घाम फुटेल. तरी काकांनी आणलेल्या कागदावर सही करू नका.