एकाच पिशवीत रजई, चादर आणि अभ्रे: एचएस कोड एक लावायचा की प्रत्येकाला वेगळा?

तुमच्याकडे तीन पॅक आहेत. पहिल्यात चेनच्या पारदर्शक पिशवीत एक भरलेली रजई, एक चादर, दोन अभ्रे आणि एक लहान उशी. दुसऱ्यात तीन मापांचे सुती टेरी (फासांच्या कापडाचे) टॉवेल. तिसऱ्यात टॉवेल, साबण, कॉफीचा मग आणि मेणबत्ती. तिन्हींवर ‘सेट’ छापलंय, म्हणून तिन्हींना एकेकच एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाचं वर्गीकरण करणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याला एक कोड लागेल. दुसऱ्यालाही एकच, पण अगदी वेगळ्या कारणाने. तिसऱ्याला चार. ही कारणं नीट कळली पाहिजेत, नाहीतर डिझायनरने पॅकमध्ये एखादा नग वाढवला की पुन्हा घोळ होतो.

खालचे कोड सहा अंकांपर्यंतचे आहेत, २०२२ च्या आवृत्तीप्रमाणे. सातव्या अंकापासून पुढे माल जिथे उतरणार त्या देशाचं टॅरिफ (आयात शुल्काची सूची) उघडावं लागतं.

पॅकवरच्या ‘सेट’ या शब्दाला वर्गीकरणात काहीही वजन नाही. एचएसच्या वर्गीकरणाच्या सामान्य नियमांपैकी नियम ३(ब) प्रमाणे किरकोळ विक्रीचा संच ठरायला तीन अटी लागतात आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. आत किमान दोन वेगळ्या वस्तू असाव्यात आणि त्या मुळात वेगवेगळ्या हेडिंगमध्ये (कोडच्या पहिल्या चार अंकांच्या गटात) जाणाऱ्या असाव्यात. त्या एका विशिष्ट गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र ठेवलेल्या असाव्यात. आणि पॅक फोडून पुन्हा न बांधता थेट वापरणाऱ्याच्या हातात जाईल असा असावा. एवढं जमलं की पूर्ण पॅक त्या वस्तूच्या कोडमध्ये जातो जिच्यामुळे त्याला त्याचं मुख्य स्वरूप मिळतं.

पहिली अट लोक सर्रास विसरतात. तुमचा दुसरा पॅक घ्या. अंघोळीचा, हाताचा आणि तोंड पुसायचा टॉवेल, तिन्ही सुती टेरीचे, तिन्ही ६३०२.६० मध्ये. इथे संचाचा प्रश्नच उद्भवत नाही. सगळ्या वस्तू आधीच एका घरात आहेत. सहा सारखे फॉन्ड्यूचे काटे हा संच नव्हे, असं उदाहरण एचएसच्या अधिकृत स्पष्टीकरणात्मक टिपांमध्येच दिलंय. टेबलक्लॉथ आणि सहा नॅपकिन एकाच सुती कापडाचे असतील तर तेही तसंच: ६३०२.५१, विषय संपला. अशा पॅकच्या कागदपत्रांत ‘नियम ३(ब) प्रमाणे’ असं लिहून ठेवलेलं दिसतं. कोड बरोबर असतो, पण कारण चुकीचं असतं, आणि अधिकाऱ्याने विचारलं की उत्तर देता येत नाही.

मात्र त्या टॉवेलच्या पॅकमध्ये टेरीऐवजी वॉफल विणीचा तोंड पुसायचा रुमाल आला, तर तो ६३०२.९१ चा. हेडिंग तेच, सबहेडिंग (पूर्ण सहा अंक) वेगळं. अशा वेळी नियम ६ लागतो. तो हेच सगळे नियम एक पायरी खाली, सबहेडिंगच्या पातळीवर लावायला सांगतो. छापील सुती ड्युव्हे कव्हर (रजईची खोळ) आणि त्याच रंगाचे साधे, न छापलेले अभ्रे, हे याचं नेहमीचं उदाहरण. कव्हर ६३०२.२१, अभ्रे ६३०२.३१. ग्राहक ते पॅक कव्हरसाठी घेतो, मोठं कापड आणि मोठी किंमत कव्हरचीच, म्हणून पॅक ६३०२.२१. इथे एक बारकावा: सूत आधी रंगवून विणलेले पट्टे म्हणजे छपाई नव्हे. कापड उलटं करून बघा. पट्टा मागेही तितकाच गडद असेल तर धागा उसवून त्याचा रंग तपासा आणि गिरणीकडून लेखी घ्या. नुसत्या फोटोवरून ठरवू नका.

आता पहिला पॅक. चादर आणि अभ्रे ६३०२ मध्ये, रजई ९४०४.४० मध्ये, भरलेली लहान उशी ९४०४.९० मध्ये. हेडिंग दोन, गरज एक (पलंग सजवणं आणि पांघरणं), पॅकिंग विक्रीचं. तिन्ही अटी पुऱ्या. मुख्य स्वरूप कशामुळे? टिपांमध्ये मापदंड दिलेत: सामग्री किंवा घटकाचं स्वरूप, आकारमान, संख्या, वजन, किंमत, आणि वापरात त्या घटकाची भूमिका. रजई बहुतेक सगळ्यांवर पुढे असते, संख्या सोडून. म्हणून पूर्ण पॅक ९४०४.४०. पलंगाची झालर घातली, जी एरवी ६३०३ ची, तरी निकाल तोच. ९४०४.४० हे सबहेडिंग २०२२ मध्ये नव्याने आलं. त्याआधी रजया ९४०४.९० मध्येच होत्या, त्यामुळे जुन्या बिलावरून कोड उतरवून घेणाऱ्यांच्या हातून आजही ही चूक होते.

पण हे सगळं ‘भरलेली’ या एका शब्दावर उभं आहे. ९४०४ मध्ये यायला आत भरण हवं: कापूस, पिसं, लोकर, कृत्रिम तंतू, काहीही. दोन कापडं नुसती एकमेकांवर शिवून क्विल्टिंगसारखी टीप मारली, मध्ये काही नाही, तर तो ९४०४ चा माल नाही. पलंगपोस असेल तर ६३०४.१९, निटेड असेल तर ६३०४.११. दिसायला दोन्ही सारखेच. नमुन्याच्या एका कोपऱ्याची शिवण चार-पाच सेंटीमीटर उसवा, वरचं आणि खालचं कापड वेगळं धरा आणि मध्ये भरणाचा थर हाताला लागतो का ते बघा. पातळ असला तरी तो भरणच. त्या थराचं दर चौरस मीटर वजन तांत्रिक पत्रकात लिहून घ्या. कॅटलॉगमध्ये ‘क्विल्टेड’ लिहिलंय म्हणून ९४०४ लावणं ही या मालातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

याच न्यायाने, ड्युव्हे कव्हर आणि दोन अभ्रे रजईशिवाय विकलेत तर ६३०२. तेच कव्हर, तेच अभ्रे रजईसकट पॅक केलेत तर ९४०४.४०. कापड बदललं नाही, शिवण बदलली नाही, तरी कोड बदलला. उलट बाजूने, कुशनचं रिकामं कव्हर ६३०४ चं आहे आणि भरलेली कुशन ९४०४.९० ची. हवा भरून फुगवायची उशी मात्र ९४०४ मध्ये येत नाही. प्रवासाच्या पॅकमध्ये ब्लँकेटबरोबर ती असते म्हणून सांगितलं.

तिसरा पॅक दुसऱ्या अटीवर पडतो. टॉवेल ६३०२.६०, साबण ३४०१, सिरॅमिकचा मग ६९११ किंवा ६९१२, मेणबत्ती ३४०६. कॉफी पिणं आणि अंग पुसणं ही एक गरज नव्हे. ‘भेट देणं’ हीच गरज, असा युक्तिवाद करून बघतात. त्यावर विसंबू नये, कारण तसं धरलं तर कुठल्याही दोन वस्तू रिबिनीने बांधल्या की संच झाला. कॉफीचा मग आणि मेणबत्ती काढून त्या जागी अंघोळीचा स्पंज ठेवलात तर चित्र पालटतं: सगळं अंघोळीचं, पॅक एक, आणि टॉवेल बाकीच्यांपेक्षा मोठा आणि महाग असेल तर सगळं ६३०२.६०. टॉवेल असला की नेहमी तोच जिंकतो असंही नाही. टिपांमधल्या केस कापायच्या संचात विजेची क्लिपर, कंगवा, कात्री, ब्रश आणि टॉवेल चामड्याच्या पेटीत आहेत, आणि तो पूर्ण संच क्लिपरच्या ८५१० मध्ये जातो.

स्वयंपाकघराच्या पॅकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या कॅटलॉगमध्ये ते लवकरच येणार, म्हणून लिहितो. भांडी कोरडी करायचा टी-टॉवेल आणि काच पुसायचं कापड हे किचन लिनन, ६३०२. ओटा, फरशी, भांडी घासायचं-पुसायचं जाडंभरडं फडकं हे ६३०७.१०. दोन टॉवेल आणि दोन फडकी, किंमत जवळपास सारखी, वजन सारखं, कोण मुख्य हे ठरत नाही, अशा वेळी नियम ३(क): आकड्याने शेवटचं हेडिंग, म्हणजे ६३०७. त्यात एप्रन घातलात तर जपून. मागावर विणलेल्या कापडाचा एप्रन ६२११ चा, म्हणजे तो कपडा आहे. वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे विक्रीच्या संचात असले तरी आपापल्या हेडिंगमध्येच जातात, अशी एचएसच्या विभाग ११ ची (कापड आणि कपडे) टीप आहे. एप्रनबरोबर दुसरा एखादा कपडा त्या पॅकमध्ये आला की ती लागू होते.

पडदे आणि कुशन कव्हर एकाच नक्षीचे म्हणून एकत्र पॅक केले, तर माझ्या मते दोन कोड लावावेत. नक्षी जुळणं ही गरज नव्हे.

भरतकामाचं किट असेल तर मात्र नियम ३ कडे जायचंच नाही. विणलेलं कापड आणि सूत, गालिचा, टॅपेस्ट्री, भरतकामाचा टेबलक्लॉथ किंवा नॅपकिन बनवण्यासाठी विक्रीच्या पॅकमध्ये: यासाठी ६३०८ हे स्वतंत्र हेडिंग आहे. हेडिंगच्या शब्दांतच संच आहे, म्हणून नियम १ वरच काम होतं.

मिश्र सुताचा हिशोब वेगळा करा. वजनाने जास्त असलेला तंतू धरायचा. ५२ टक्के पॉलिस्टर आणि ४८ टक्के कापूस असलेली छापील चादर ६३०२.२२. अगदी ५०-५० असेल तर टॅरिफमध्ये ज्याचं हेडिंग शेवटी येतं तो तंतू. कापूस प्रकरण ५२ मध्ये आणि पॉलिस्टर ५४ किंवा ५५ मध्ये, म्हणून पुन्हा ६३०२.२२. कापूस-लिनन समसमान असेल तर लिनन, कारण ते ५३ मध्ये. आणि संचात एका वस्तूमुळे कोड ठरला, तर तंतू त्याच वस्तूचा मोजायचा. बाकीच्या नगांचं सूत मिसळून सरासरी काढायची नाही.

पॅकिंगबाबत: चेनची प्लास्टिक पिशवी मालासोबतच जाते, तिला वेगळा कोड नाही. पण माल पाकिटाऐवजी पुन्हा पुन्हा वापरायच्या वेताच्या टोपलीत ठेवला असेल, तर टोपली हा एक नग समजून विचार करा. तसंच रजया एका खोक्यात आणि चादरी दुसऱ्या खोक्यात पाठवून तिकडे गोदामात एकत्र बांधणार असाल, तर सीमेवर तो संच नाही. प्रत्येकाचा कोड वेगळा, मग पुढे दुकानात काहीही होवो.

कागदपत्रांत ‘बेड सेट ५ नग’ एवढंच लिहिलंत तर माल अडकणार. प्रत्येक नगासाठी माप, तंतूचं वजनी प्रमाण, मागावरचं की निटेड, छापील की रंगवलेलं, भरण कशाचं आणि किती ग्रॅम, नगाची किंमत, आणि बंद पॅकचा फोटो जोडा. किमतीची फोड इनव्हॉइसच्या ओळींत न टाकता वेगळ्या तक्त्यात द्या. पाच ओळींत पाच भाव दिसले की पाच वेगळे माल आहेत असंच वाचलं जातं. तिसऱ्या पॅकला मात्र ओळी वेगळ्याच हव्यात, प्रत्येक नगाची संख्या आणि मूल्य धरून.

वर्षभर एकच डिझाइन जाणार असेल तर पहिल्या शिपमेंटआधी आयात करणाऱ्या देशात आगाऊ निर्णय (कोणता कोड लागेल याचा सीमाशुल्क खात्याचा लेखी निर्णय) मागा. २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) व्यापार सुलभीकरण कराराच्या कलम ३ मध्ये त्याची तरतूद आहे. अर्जाबरोबर शिवण उसवलेला एक नमुना आणि एक बंद पॅक, दोन्ही पाठवा, आणि पॅकमधला नग बदललात तर तो निर्णय नव्या पॅकला लागू आहे असं धरू नका.