शोभेचे लिंबूवर्गीय झुडूप गोव्यात लावताना

फोंडा तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारले आहे की, कणखर म्हणून नावाजलेले काटेरी त्रिपर्णी संत्रे कुळागराच्या कडेने कुंपणासाठी लावता येईल काय. बार्देशातील एका भगिनींची तक्रार अशी की, त्यांच्या कुंडीतील चायना ऑरेंजची पाने दर पावसाळ्यात पिवळी पडून गळतात. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तर एकत्र देत आहे.

त्रिपर्णी संत्र्याचा कणखरपणा थंडीच्या संदर्भातला आहे. मूळचे चीन व कोरियाकडील हे झुडूप हिवाळ्यात पाने गाळून शून्याखाली सुमारे 20 अंशांपर्यंतची थंडी सोसते आणि अन्य देशांत संत्रावर्गीय कलमांसाठी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड, म्हणूनही वापरले जाते. आपल्याकडे मात्र जानेवारीच्या रात्रीही तापमान साधारण 20 अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे त्याला लागणारी हिवाळ्याची विश्रांती येथे मिळत नाही. गोव्यात झाडाची खरी परीक्षा होते ती जून ते सप्टेंबर या काळात, मुळाशी साचणाऱ्या पाण्यात. गुरांना अडवणारे कुंपणच हवे असेल तर करवंद लावावे. ते सदाहरित व काटेरी असून जांभ्या दगडाच्या उथळ मातीतही तग धरते. पिकलेल्या फळांचे बी ताजे असतानाच पेरावे, कारण त्याची उगवणशक्ती लवकर कमी होते.

शोभेसाठी आणि थोड्याफार आंबट फळांसाठी चायना ऑरेंज, म्हणजेच कॅलामोंडिन, ही माझ्या मते अधिक योग्य निवड आहे. ऊन भरपूर मिळाल्यास ते कुंडीतही चांगले फळते आणि त्याच्या फळांचा रस सरबतात लिंबाऐवजी चालतो. रोप शक्यतो गुटीचे किंवा कलमाचे घ्यावे. कलमाच्या जोडाखालून फुटणारे पाणसोट, म्हणजे खुंटाचे फुटवे, दिसताच काढून टाकावेत; ते वाढू दिल्यास वरचे कलम मागे पडते व शेवटी खुंटच राज्य करतो. लागवड चतुर्थीनंतर, पाऊस ओसरू लागल्यावर करावी, म्हणजे कोवळी मुळे पहिल्याच पावसाळ्यात कुजत नाहीत.

बार्देशातील भगिनींनी प्रथम कुंडी उचलून तळाचे भोक पाहावे. अनेकदा ते मुळांनी किंवा बसलेल्या मातीने बुजलेले असते आणि वरून माती ठीक दिसत असली तरी खाली चिखल झालेला असतो. तसे आढळल्यास पाऊस थांबल्यावर झाड काढून कुजलेली, तपकिरी, बोटाने साल सुटणारी मुळे छाटावीत आणि दोन भाग लाल माती, एक भाग जाडसर रेती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत अशा मिश्रणात ते पुन्हा लावावे. भोकावर चिऱ्याचे तुकडे ठेवावेत, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि खालची बशी पावसाळ्यात काढून टाकावी. बुंध्याला माती लावून उंचवटा करू नये, कारण ओली माती सालीला चिकटून राहिल्यास डिंक्या रोग बळावतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी खारट असल्यास ते या झाडाला मुळीच देऊ नये. ऑक्टोबर ते मे या काळात वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

पावसाळ्यात पानांवर पिवळ्या कडांचे खरखरीत डाग दिसल्यास तो खैऱ्या रोग समजावा. रोगट फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळाव्यात आणि एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 10 लिटर पाण्यास 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम चुना, फवारावे. कोवळ्या पानांवरची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते व डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते. एकदोन झाडांसाठी औषध विकत आणण्याची गरज नाही, सकाळी हाताने वेचणे पुरेसे आहे. पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्यास ती नागअळी असते. लिटरभर पाण्यास 5 मिलि कडुनिंब तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून नव्या पालवीवर फवारावे.

एक सूचना आवर्जून करतो. चायना ऑरेंजबरोबर सुगंधी कुंतीचे कुंपण सुंदर दिसते हे खरे, परंतु कुंती हीदेखील लिंबूवर्गीय कुळातील असून लिंबू-संत्र्यांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावर सहज वाढते. म्हणून जवळ लिंबाची किंवा मोसंबीची बाग असणाऱ्यांनी कुंती लावू नये. लावलेली असल्यास छाटणीनंतर येणारी नवी पालवी नियमित तपासावी.