सातवा महिना आहे, पोटाला फार खाज सुटते, कोणतं तेल लावू?

तेलाचं आधी उरकते. घरातलं साधं खोबरेल चालेल. अंघोळ कोमट पाण्याने, साबण फक्त काखेत आणि जांघेत, अंग टिपलं की ते ओलसर असतानाच तेल. कोरड्या अंगाला चोळलेलं तेल निम्मं परकराला लागतं. बेसन, उटणं सध्या बंद. रात्री कॅलामाइन लावा. स्ट्रेच मार्क मात्र कुठल्याच तेलाने थांबत नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

पण तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की रात्री तळहात-तळपायही खाजतात. ते आधी लिहायला हवं होतं. पुरळ नाही, नुसते नखांचे ओरखडे आणि रात्री तळव्यांची खाज, म्हणजे यकृतातून पित्त नीट वाहत नसण्याची शक्यता. उपाशीपोटीच हवं असं नाही, पण सीरम बाइल अ‍ॅसिड (रक्तातलं पित्ताम्ल) आणि एलएफटी (यकृताचं काम बघणारी तपासणी) या रक्ततपासण्या याच आठवड्यात करा. खाजेसोबत बाइल अ‍ॅसिड 19 किंवा वर आलं तर या पित्ताच्या त्रासाचं निदान जवळपास पक्कं. 100 गाठलं तर पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढतो आणि डॉक्टर 35-36 आठवड्यांतच बाळंतपण उरकायचं बघतात. रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज तशीच राहिली तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, कारण कधीकधी खाज आधी येते, आकडे मागून चढतात. एलएफटीतलं अल्कलाइन फॉस्फेटेज एकटंच वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, वारेमुळे ते वाढतंच.

"बाळाला केस येतायत म्हणून खाज," हे सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. बाळाच्या केसांनी आईचे तळपाय कसे खाजतील, हे अजून एकीनेही सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

पोटावरच्या रेषांत लाल पुरळ असेल आणि बेंबी मोकळी असेल तर बहुधा निरुपद्रवी, बाळंतपणानंतर जातं. बेंबीभोवती फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. परकराच्या नाडीखाली किंवा जांघेत गोल चट्टे असतील तर तो नायटा. त्यावर मेडिकलवाल्याने हातात दिलेली क्लोबेटासोलची (कडक स्टेरॉइडची) मिश्र ट्यूब नको, नुसतं क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून. आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.