वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा वर्ग आणि हातातला रेटिनोस्कोप

प्रश्न : मी बारा वर्षांपूर्वी ऑप्टोमेट्रीची, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा देण्याच्या शास्त्राची, पदवी घेतली असून गडहिंग्लजला चष्म्याचे दुकान चालवतो. दुकान बंद ठेवून पुण्या-मुंबईच्या परिषदांना जाणे परवडत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांतून खरोखर काही शिकता येते, की नुसती प्रमाणपत्रे जमतात?

उत्तर : दोन्ही घडते. मागे वेबिनार लावून पुढे गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये काचा बसवत राहिलात, तरीही प्रमाणपत्र मिळू शकते. शेवटची चाचणी चुकली तर ती अनेक ठिकाणी पुन्हा देता येते, आणि मीही ती एकदा निव्वळ अंदाजाने सोडवलेली आहे. त्यातून माझ्या रुग्णांना काही लाभ झाला, असे म्हणवत नाही.

म्हणून सुरुवात अभ्यासक्रमांच्या यादीपासून करू नका, स्वतःच्या रुग्णवहीपासून करा. गेल्या महिन्यात कोणत्या रुग्णापुढे आपण अडखळलो, हे पाहिले की विषय आपोआप ठरतो. आळशी डोळ्याचेच, म्हणजे लहानपणी नीट वापरला न गेल्याने दृष्टी कमी राहिलेल्या डोळ्याचेच, उदाहरण घ्या. चांगल्या डोळ्यावर दिवसभर पट्टी बांधायला सांगण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना जुन्या शिकवणुकीतून लागलेली आहे. अमेरिकेतील पेडिग या संशोधक गटाने सात वर्षांखालील मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. मध्यम तीव्रतेच्या, म्हणजे साधारण 6/12 ते 6/24 दृष्टी असलेल्या आळशी डोळ्यात रोज दोन तासांच्या पट्टीने चार महिन्यांत सहा तासांच्या पट्टीइतकीच सुधारणा दिसली. मात्र त्या वेळात एक तास जवळचे काम, जसे चित्र रंगवणे, मुलांकडून करून घेतले होते. दिवसभर पट्टी लावून शाळेत जायला मूल तयार होत नाही, पण संध्याकाळचे दोन तास आई सांभाळू शकते. अर्थात, बुबुळावर औषध घालून नंबर नीट तपासणे आणि योग्य चष्मा देणे ही पहिली पायरी टळत नाही, आणि दृष्टी त्याहून कमी असेल तर हिशेब वेगळा होतो. असे बदललेले निर्णय कळण्यासाठी पडद्यावरचे व्याख्यान पुरेसे असते.

हाताचे काम मात्र तेथे अडते. रेटिनोस्कोपीच्या, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून चष्म्याचा नंबर काढण्याच्या, व्हिडिओत शिकवणारा रुग्णापासून 67 सेंटिमीटर अंतर धरून हिशेबातून त्या अंतराचे 1.50 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) वजा करतो, आणि आपणही डोळे झाकून तेवढेच वजा करतो. एकदा कोणाला तरी टेप धरायला सांगून मोजून पाहा. आपण प्रत्यक्षात 50 सेंटिमीटरवर बसत असू, तर वजाबाकी 2.00 ची हवी. अर्ध्या डायॉप्टरची ही चूक मुलाच्या नाकावर वर्षभर बसून राहते. तुमचा हात किती लांब जातो, हे कोणताही व्हिडिओ सांगणार नाही. वर्षातून एखादा दिवस जवळच्या नेत्ररुग्णालयात अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून काम करावे. दुकान तेवढा एक दिवस बंद राहिले तर चालेल.

स्रोतांबद्दल थोडक्यात. ऑर्बिस या संस्थेचे सायबरसाइट हे व्यासपीठ नेत्रव्यावसायिकांसाठी विनामूल्य असून तेथे चाचणीसह अभ्यासक्रम आणि व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे आहेत. ‘कम्युनिटी आय हेल्थ जर्नल’ हे 1988 पासून निघणारे नियतकालिकही फुकट वाचता येते, आणि त्याची भाषा साधी आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे ऑनलाइन वर्गही पाहावेत. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्या. पाच ठिकाणी नाव घालून एकही पूर्ण न करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात नेत्रतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करते. परदेशी वेबिनारच्या प्रमाणपत्रांवर डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे क्रेडिट, म्हणजे पुढील शिक्षणाचे मोजले जाणारे तास, मिळतात का?

उत्तर : ते मिळतीलच असे गृहीत धरू नये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांत 30 क्रेडिट तास दाखवावे लागतात, आणि त्यासाठी परिषदेची मान्यता मिळालेलाच कार्यक्रम मोजला जातो. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांकडे मान्यता क्रमांक आणि क्रेडिटची संख्या मागावी. ती सांगण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचा कार्यक्रम ज्ञानासाठी ऐकावा, क्रेडिटसाठी नव्हे. हे काम पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यावर ढकलणाऱ्यांची धावपळ दरवेळी होते, आणि तेव्हा विषय न पाहता मिळेल तो वेबिनार भरला जातो.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. ऑनलाइन सल्ल्यासाठी रुग्णाचे छायाचित्र पाठवावे का?

उत्तर : रुग्णाची लेखी संमती घेऊन, नाव आणि केसपेपरचा क्रमांक झाकून, केवळ डोळ्यापुरते छायाचित्र पाठवावे. सल्ला देणाऱ्याला दृष्टी, डोळ्याचा दाब आणि तक्रार कधीपासून आहे हे कळवल्याशिवाय चित्राचा उपयोग अर्धाच होतो. दृष्टी अचानक गेली असेल, तर उत्तराची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी वरच्या रुग्णालयात पाठवावे.