फॅन्टसी कादंबरीतला छळाचा प्रसंग वाचून दोन दिवस डोक्यातून जात नाही. हे नॉर्मल आहे का? पुस्तक सोडून द्यावं का?

हो, नॉर्मल आहे. फॅन्टसीत लढाईत दहा हजार मेले तरी आपण पान उलटतो, पण एकाचं बोट कापलं की पोटात गोळा येतो. ड्रॅगन आपल्या अनुभवात नसतो, बोट असतं. शिवाय पाचशे पानं सोबत काढलेलं पात्र परकं राहत नाही.

सगळ्यात जास्त हादरवते ती चाहूल. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) मधल्या लग्नाच्या मेजवानीत पाहुणी म्हणून आलेली केटलिन यजमानांपैकी एकाचा दंड धरते, तर रेशमी बाहीखाली हाताला चिलखताच्या लोखंडी कड्या लागतात. हा घात आहे हे तिला कळतं तेव्हाच आपल्यालाही कळतं, आणि आता काहीच करता येणार नसतं. रक्त त्यानंतर सांडतं.

पुस्तक लगेच सोडू नका. प्रसंग असह्य झाला तर पुढच्या दृश्यबदलापर्यंत उडी मारा आणि तिथून दोन-तीन पानं वाचा. त्या छळाचा परिणाम पात्रांवर दिसत असेल, तर लेखकाने तो उगाच घातलेला नाही. परिणाम शून्य आणि चार प्रकरणांनी तोच प्रकार पुन्हा, तर खुशाल बंद करा. अर्धवट सोडल्याचा दंड होत नाही! असे भाग झोपण्याआधी नको, आणि ऑडिओबुकवर तर नकोच. तिथे नजर चटकन पुढे सरकवता येत नाही.

मात्र दृश्यं आठवडेच्या आठवडे आपोआप डोळ्यांसमोर येत असतील, झोप उडाली असेल किंवा स्वतःच्या जुन्या अनुभवाशी ती जोडली जात असतील, तर समुपदेशकाशी बोला.