हृदय जाड झालंय, मग पोटाची चरबी कशाला तपासायची?

तुमचा प्रश्न असा: मामा 66 वर्षांचे, इकोत हृदयाच्या भिंती जाड, पायांना सूज, लघवीला फेस. डॉक्टरांना अमायलॉइडोसिसची शंका आहे आणि बेंबीजवळची चरबी सुईने काढायची म्हणतात. हृदयाचा आणि पोटाचा काय संबंध?

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. स्लाइड करणं माझं काम, त्या बाजूने सांगतो.

या आजारात एखादं प्रथिन चुकीची घडी पडून तंतूंच्या रूपात अवयवांत साचतं. ते बऱ्याचदा पोटाच्या कातडीखालीही सापडतं, म्हणून हृदयाचा तुकडा काढण्याआधी ही सोपी जागा बघतात. इथे काही सापडलं नाही म्हणून सुटलो असं मात्र समजू नका.

रोजच्या स्टेनमध्ये (रंगात) अमायलॉइड, म्हणजे हे साचलेलं प्रथिन, नुसतं गुलाबी दिसतं, सहज नजरेतून सुटतं. त्यासाठी कॉंगो रेड हा खास रंग लागतो, आणि तो कोणी मागितल्याशिवाय आम्ही लावत नाही. बायोप्सीचा तुकडा असेल तर एरवी 3-4 मायक्रॉनचा काप घेतो, यासाठी मुद्दाम 8-10 चा. साध्या उजेडात विटकरी दिसणारा भाग पोलरायझर (मायक्रोस्कोपवरची प्रकाशाची खास चकती) फिरवला की हिरवा चमकतो. पुस्तकात सफरचंदी हिरवा म्हणतात. मला तो कैरीच्या फोडीच्या सालीकडच्या कडेसारखा वाटतो.

हिरवं दिसलं की अर्धंच काम झालं. प्रथिन कुठलं, ते ठरवायचं असतं. एएल प्रकारात बोनमॅरोमधल्या प्लाझ्मा पेशी लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे छोटे भाग, बनवतात आणि ते साचतात. एटीटीआरमध्ये यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन साचतं, उतारवयात किंवा घराण्यातून आलेलं. एए वर्षानुवर्षं टीबी किंवा संधिवात असलेल्यांना होतो. एएलला केमोसारखी औषधं लागतात, एटीटीआरला ती निरुपयोगी. म्हणून अंदाजाने उपचार नकोत. तुकड्यावरून प्रकार ठरवायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे प्रथिन नेमकं ओळखणारी मशीनची तपासणी, सगळ्यात भरवशाची.

लघवीला फेस आहे, म्हणजे किडनीतून प्रथिन जात असावं, म्हणून मला आधी एएलची भीती वाटेल. एटीटीआर सहसा किडनीला फारसा त्रास देत नाही. तेव्हा चरबीच्या रिपोर्टची वाट न बघता रक्तातल्या फ्री लाइट चेनची तपासणी आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असं प्रथिन शोधणारी चाचणी) करायचं का, हे आजच विचारा. नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसवर (प्रथिनांच्या साध्या चाचणीवर) थांबू नका, हे प्रथिन थोडं असेल तर त्यात दिसत नाही. पायरोफॉस्फेट स्कॅन (हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन) एटीटीआरसाठी चांगला, पण या चाचण्या नॉर्मल असतील तरच. एएलमध्येही तो कधीकधी पॉझिटिव्ह येतो.

मामांना हेही विचारा: जीभ जाड होऊन तिच्यावर दातांचे ठसे उमटतात का? डोळ्यांभोवती आपोआप काळेनिळे डाग? बीपीच्या जुन्या गोळीने आता चक्कर येते? दोन्ही हातांना मुंग्या?

आणि पूर्वी कुठलीही बायोप्सी झाली असेल, तर त्या लॅबला फोन करा. मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असतो. त्यातून नवा काप काढून कॉंगो रेड लावता येतो, मामांना पुन्हा सुई न टोचता.