ओटा आत्ता, ट्रॉल्या नंतर

प्रश्न : आम्ही उदगीरला राहतो. घर सासऱ्यांनी १९९१ साली बांधलेलं, विटांचं. स्वयंपाकघरात तेव्हापासून काहीच बदललेलं नाही. ओटा कडप्प्याचा आणि इतका ठेंगणा की स्वयंपाक उरकेपर्यंत कंबर धरते. सिंकखालची भिंत कायम ओली, रंगाचे पापुद्रे सुटतात. प्लग एकच, त्यावर मिक्सर लावला की बोर्ड गरम होतो. धूर जायला एक बारकी खिडकी. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ४७. पतसंस्थेचा ९,००० रुपयांचा हप्ता कापून पगार हातात ६२,००० येतो; तो हप्ता फेब्रुवारीत संपतो. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्याचं उत्पन्न पावसावर. मुलगी बारावीला, लातूरला राहून नीटची तयारी करते. तिच्यासकट घरखर्च महिना ४८,०००. शिल्लक म्हणाल तर बँकेत ४ लाखांची एफडी, एका मल्टिस्टेट पतसंस्थेत २ लाख (दिवाळीत मुदत संपते), यजमानांच्या पीपीएफमध्ये ३,१०,००० आणि माझा जीपीएफ, म्हणजे नोकरीतला भविष्य निर्वाह निधी. मॉड्युलर किचनवाल्याने मधली भिंत काढून सगळं मिळून ६,८०,००० सांगितले. बँकेच्या ॲपवर ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर दिसतंय, १४ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. यजमान म्हणतात, मुलीचं होऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात, माझ्या पाटल्या मोड. काय करू?

उत्तर : ताई, कर्ज काढू नका आणि वाटही बघू नका. निम्म्याहून कमी पैशांत, घरात आहे त्या शिलकीतून, या दिवाळीनंतर काम करून घ्या. कसं, ते सांगतो.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यात तोडफोड, प्लास्टर आणि इतर गवंडीकाम ९५,०००, नळ आणि सांडपाण्याची लाइन ४०,०००, वायरिंग ३५,०००, ग्रॅनाइटचा ओटा आणि सिंक ६०,०००, टाइल्स ७०,०००, मधली भिंत काढणं ४०,०००, शेगडी आणि चिमणी ५५,००० आणि मॉड्युलरचे कप्पे-शटर (ओट्याखालचे कप्पे, त्यातल्या ट्रॉल्या आणि बाहेरची दारं) २,८५,००० असे आकडे आहेत. या यादीत दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. तुम्ही मला जो त्रास लिहिलात, म्हणजे ओली भिंत, तापणारा बोर्ड, धूर, ठेंगणा ओटा, त्यातला एकही त्रास शटर लावल्यानं जाणार नाही. उलट ओली भिंत तशीच ठेवून तिच्यासमोर प्लायचे कप्पे बसवले तर दोन-तीन पावसाळ्यांत ते फुगतील आणि वाळवी लागेल. जुन्या घरांना वाळवीची भीती तशीही असतेच.

म्हणून भिंतीच्या आतलं काम आधी. १९९१ चे पाइप लोखंडी, जीआयचे असणार. बोअरच्या जड पाण्याचा क्षार साठून ते आतून अरुंद झालेले असतात आणि सांध्यांतून झिरपतात. ते काढून सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे) टाका, सांडपाण्याची लाइन नवीन घ्या. वायरिंगचं तर एक महिनासुद्धा लांबवू नये असं माझं मत आहे. मिक्सर लावल्यावर बोर्ड तापतो म्हणजे वायरला आणि प्लगला तो भार झेपत नाही. इंडक्शन शेगडी जवळजवळ २,००० वॉट ओढते. ती कधी त्या प्लगवर लावू नका. स्वयंपाकघरासाठी तांब्याची वेगळी लाइन, १६ अँपिअरचे दोन-तीन प्लग, भार जास्त झाला की आपोआप बंद पडणारा वेगळा एमसीबी आणि शॉक बसला तर क्षणात वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढं करून घ्या. ही कामं पुढं ढकलली तर ती महाग होतात, आणि मधल्या काळात जीव धोक्यात असतो तो तुमचा आणि सासूबाईंचा. यजमानांना हे असंच सांगा.

मधल्या भिंतीचे ४०,००० मी सरळ खोडले आहेत. तुमचं घर किल्लारीच्या भूकंपाआधीचं, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीचं आहे, आणि विटांच्या भिंतींवर उभं आहे. अशा घरात छताचा भार भिंतीच उचलतात. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंत भार घेणारी आहे की नाही हे किचनवाल्यानं ठरवायचं काम नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. भिंत काढायचीच असेल तर आधी त्याची फी भरा आणि त्याचं मत लेखी घ्या. माझं म्हणाल तर ती राहू द्या. रोज भाकरी आणि फोडणी होणाऱ्या घरात ठेच्याचा खकाणा बैठकीपर्यंत यावा असं तुम्हाला वाटत नसणार. त्याऐवजी खिडकी मोठी करून घ्या, मात्र तिच्यावर लिंटल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, नीट टाकून. तो खर्च ९५,००० मध्येच बसवायला सांगा.

टाइल्स छतापर्यंत कशाला? ओट्यामागे तीन फूट आणि सिंकच्या बाजूला तेवढ्याच लावल्या तर ३५,००० मध्ये भागतं. खाली शहाबादी फरशी आहे असं तुम्ही लिहिलंय. ती चांगली असेल तर पॉलिश करून घ्या. शेगडी आहे तीच ठेवा. चिमणी घ्या, पण पाइपानं धूर बाहेर टाकणारी, १८,००० पर्यंतची. धूर गाळून खोलीतच सोडणारी चिमणी आपल्या फोडणीपुढं टिकत नाही.

आता बेरीज करा. ९५, ४०, ३५, ६०, ३५ आणि १८ हजार मिळून २,८३,०००. जुनं घर उघडलं की काहीतरी निघतंच, म्हणून १५ टक्के वरून धरा, साधारण ४२,०००. एकूण ३,२५,०००.

हे पैसे कुठून आणायचे यात मला तुमच्या मल्टिस्टेटमधल्या २ लाखांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नाही, मल्टिस्टेटलाही नाही. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे अशा ठिकाणी अडकून बसलेली कुटुंबं मराठवाड्यात कमी नाहीत, आणि त्यात शिक्षक मोठ्या संख्येनं आहेत. दिवाळीत मुदत संपली की ओळखीचा माणूस येईल, अर्धा-एक टक्का जास्त देतो, रिन्यू करा म्हणेल. करू नका. मुदतीच्या आठवडाभर आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि रक्कम बँकेच्या खात्यात घ्या. स्वयंपाकघर नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. आता त्या पैशाला चांगलं कामही मिळालंय. मात्र ते २ लाख प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत गवंड्याला ओटा फोडू देऊ नका. तोडलेलं स्वयंपाकघर आणि अडकलेली ठेव हे एकाच वेळी नको. वायरिंग तेवढं त्याआधीच, एफडीतून काढायच्या पैशातून करून घ्या.

एफडीतून १ लाख घ्या. तुमचा महिन्याचा खर्च ४८,०००, म्हणजे सहा महिन्यांचे २,८८,००० होतात. ३ लाख शिल्लक राहिले की अडीअडचणीचा पैसा शाबूत. उरलेले २५,००० दोन महिन्यांच्या शिलकीतून निघतील, कारण ६२,००० मधून ४८,००० गेल्यावर १४,००० उरतात. दुकानाचं उत्पन्न मी या हिशेबात मुद्दाम धरलेलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर गावोगावच्या उधारीचं काय झालं, हे यजमानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ॲपवरचं कर्ज का नको, हेही बघा. ५ लाखांना १४ टक्क्यांनी पाच वर्षं हप्ता येतो ११,६३४ रुपये. परतफेड जवळजवळ ६,९८,००० ची, म्हणजे व्याजच १,९८,०००, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. १४,००० मधून तो हप्ता गेला की महिन्याला उरतात २,३६६. शिवाय ६,८०,००० ला कमी पडणारे १,८०,००० एफडीतूनच जाणार. पुढच्या जून-जुलैत मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न उभा राहील तेव्हा हात रिकामे असतील. सरकारी कॉलेज मिळालं तर फी झेपेल. खाजगीच्या किंवा दुसऱ्या शाखेच्या पर्यायावर विचार करायची वेळ आली तर निर्णय शांतपणे घेता यायला हवा. तो हप्त्याच्या दडपणाखाली घ्यावा लागू नये, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणूनच पीपीएफला हात लावू नका. जीपीएफही राहू द्या. त्यावर ७.१ टक्के व्याज सुरू आहे आणि ५८ ला निवृत्त व्हायला तुम्हाला ११ वर्षं आहेत. मुलीच्या शिक्षणाला खरंच कमी पडलं तर जीपीएफचा अग्रिम, म्हणजे त्यातून घेता येणारी उचल, हा तुमचा शेवटचा आधार आहे. तो शटरांवर खर्च होऊ नये.

सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या हातातच शोभतात. त्यांनी त्या देऊ केल्या यातच त्यांना तुमचा त्रास दिसतो हे कळतं. त्यांना कामात सामील करून घ्या. वर्षाची ज्वारी, गहू आणि तूरडाळ कुठं ठेवायची, आठ-आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा पाण्याची पिंपं कुठं उभी करायची, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मॉड्युलरच्या चित्रात या दोन गोष्टींना जागाच नसते, आणि नंतर पिंपं दारात येतात. ओट्याची उंची तुमच्या कोपराच्या साधारण चार इंच खाली ठेवा. गवंडी सवयीनं ३० इंच धरेल. तुम्ही स्वतः उभं राहून खूण करून द्या. सासूबाई खाली बसून भाकरी थापत असतील तर ओट्याच्या एका टोकाला खुर्चीवर बसून थापता येईल इतका ठेंगणा तुकडा ठेवता येतो. त्याला वेगळा खर्च फारसा नाही.

किचनवाला म्हणतो की यानं घराची किंमत वाढेल, असंही तुम्ही लिहिलंय. तुम्ही घर विकणार नाही, आणि विकलंत तरी घेणारा जागेचा भाव लावेल. हा खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नका, तशी गरजही नाही. रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर तुम्ही तिथं उभ्या राहता. तिथं कंबर धरू नये आणि शॉक बसू नये, एवढं कारण पुरेसं आहे.

ट्रॉल्यांचं काय? फेब्रुवारीत पतसंस्थेचा हप्ता संपला की महिन्याची शिलक २३,००० होईल. मुलीचा प्रवेश पक्का होईपर्यंत ती सगळी तिच्यासाठी बाजूला ठेवा. प्रवेश झाला आणि फी झेपणारी असली की त्यातले ९,००० आरडीत टाकायला लागा. १४ महिन्यांत १,२६,००० जमतात. आत्ता ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करून ठेवले तर पुढं त्यात ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून शटर एवढंच लागेल, आणि ते या रकमेत गावातल्या कारागिराकडून होऊ शकतं. कडप्प्याला वाळवी लागत नाही. त्या वेळी २,८५,००० च्या कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला होता का, हेही विचारून बघा. नसेल तर त्यावर आणखी ५१,३०० चढणार होते.

सिलिंडरच्या कप्प्याला पुढं शटर लावाल तेव्हा जमिनीलगत जाळी ठेवायला सांगा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो. नारिंगी सुरक्षा पाइपवरची तारीखही बघून घ्या; पाच वर्षं झाली असतील तर बदला.

काम दिवाळी ते संक्रांत या दरम्यान काढा. तोपर्यंत बोअरला पाणी असतं. उन्हाळ्यात प्लास्टरवर मारायलाही टँकर मागवावा लागतो आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारून प्लास्टर पक्कं करणं, अर्धवट राहतं. मुलगीही तेव्हा लातूरलाच असेल, तिच्या अभ्यासात तोडफोडीचा आवाज येणार नाही. गवंड्याला पैसे टप्प्यानं द्या: सुरुवातीला पाव रक्कम, पाइप टाकून पाणी सोडून गळती तपासल्यावर पुढची, ओटा झाल्यावर तिसरी, आणि दहा टक्के काम संपल्यानंतर महिनाभरानं. प्लास्टर चढण्याआधी पाइप आणि वायर भिंतीतून कुठून कुठं गेल्या आहेत त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ट्रॉल्यांसाठी भोकं पाडायला कारागीर येईल तेव्हा ते त्याला दाखवा.